कोपराचा गूळ आणि नाल्यावरचा पूल

सरकारच्या तोंडाला पावडर लावणारं एक खातं असतं, आणि ते बहुतेक वेळा अंधाऱ्या जिन्याच्या वरच असतं. तसंच हे होतं. खाली जुनं धान्याचं गोदाम, वर दोन खोल्या आणि दारावर पाटी: ‘जागतिक प्रतिमा सुधार कक्ष’. पाटीवरचा ‘सुधार’ उडाला होता. तो पुन्हा रंगवायचा प्रस्ताव वर गेला होता, आणि वर गेलेली वस्तू खाली येत नाही, एवढं विज्ञान त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिथे एक बाई दुभाषी म्हणून काम करायची, तीही तात्पुरती. ऑफिसात तिला ‘मॅडम’ म्हणत, घरी ‘अगं’ म्हणत आणि गल्लीत ‘तोफेची सून’ म्हणत. आपणही तिला सूनच म्हणू, कारण या गोष्टीत जे काही झालं ते तोफेमुळेच झालं.

कक्षाचे साहेब मनानं वाईट नव्हते. त्यांना फक्त चकाकीचं वेड. बूट चकाकणारे, टक्कल चकाकणारं, म्हणून शिपाई त्यांना पाठीमागे पॉलिशसाहेब म्हणायचा. त्यांच्या टेबलामागे जगाचा नकाशा होता. ज्या देशाच्या पेपरात किंवा टीव्हीवर आपल्याबद्दल बरं येईल तिथे हिरवी टाचणी, वाईट येईल तिथे लाल, असा त्यांचा बेत. लाल टाचण्या केव्हाच संपल्या होत्या. हिरव्यांच्या डबीचं सील अजून फुटलं नव्हतं.

सुनेच्या आधी तिथे जो दुभाषा होता तो फार रसाळ माणूस. एकदा परदेशी पत्रकारानं एका भाजीवाल्याला विचारलं, सरकार कसं वाटतं? भाजीवाला म्हणाला, “हं.” दुभाष्यानं त्या ‘हं’चं भाषांतर सगळ्यांचा चहा गार होईपर्यंत केलं. त्यात प्रगती आली, पहाट आली, सोनेरी उद्याही येऊन गेला. पत्रकारानं मायदेशी जाऊन ते रेकॉर्डिंग दुसऱ्या जाणकाराला ऐकवलं, आणि मग ‘एका हंकाराचं महाकाव्य’ असा लेख छापून आला. साहेबांना लाल टाचणी उसनी आणावी लागली.

म्हणून सून कामाला लागली त्याच दिवशी साहेबांनी बोट उगारलं. “मॅडम, आपला नियम एकच. शब्दाला शब्द. पदरचं काही घालायचं नाही, पोटात काही ठेवायचं नाही. आणि सरकारबद्दल वाईट बाहेर पडता कामा नये.”

“पण सर, माणूस वाईटच बोलला तर?”

“तर आपण चांगला माणूस निवडायचा.”

हे झालं ऑफिस. आता घर.

घर नाल्याच्या अलीकडे. नाल्याच्या पलीकडे सासूबाईंची धाकटी बहीण राहायची. मध्ये लाकडी पूल होता. तो मोडकळीला आला म्हणून सरकारनं काढून नेला, लगेच नवा बसवतो म्हणून. काढून नेताना सरकारनं जी चपळाई दाखवली ती गल्लीनं आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. त्यानंतर अधूनमधून एक माणूस फीत घेऊन यायचा आणि नाल्याची रुंदी मोजून जायचा. नाला काही रुंद होत नव्हता, पण खात्री केलेली बरी.

वळसा घालून जायचं तर दोन बसा बदलायच्या आणि पादचारी जिने चढायचे. सासूबाईंचे गुडघे पहिल्याच जिन्याला हात टेकायचे. मुलगा बस चालवायचा खरा, पण त्याची बस नेमकी उलट्या दिशेची. मग दोघी बहिणी रोज सकाळी आपापल्या काठावर उभ्या राहून बोलायच्या. बोलायच्या कसल्या, गरजायच्या. कुणाच्या पोटात दुखतंय, कुणाच्या सुनेनं दूध उतू घातलं, सगळं दोन्ही काठांना पाठ. सासूबाईंना तोफ हे नाव तिथेच पडलं.

पण अलीकडे तोफेचा गोळा पलीकडे पोचत नव्हता. धाकटीला ऐकू कमी यायला लागलं होतं.

“काल तिला म्हटलं, गुडघा फार ठणकतोय,” सासूबाई एका सकाळी हात पुसत घरात येऊन म्हणाल्या. “तर म्हणते कशी, ‘अगंबाई, फार छान झालं.’ परवा तर काही बोललीच नाही. नुसती मान डोलावत उभी. कानाशी बसून बोललं तर ऐकेल गं ती. पण तिच्या कानाशी जाऊ कशी? उडत?”

सून सरकारात होती, पण सरकारच्या तोंडाशी. हात कुठे असतात ते तिलाही माहीत नव्हतं.

अशात एका मोठ्या परदेशी वाहिनीची बाई कार्यक्रम करायला आली. साहेबांनी चांगला माणूस निवडून ठेवला होता: एक निवृत्त मास्तर, आनंदी नागरिक म्हणून तालीम दिलेले, इस्त्रीसकट. पण कॅमेरा पाहताच मास्तरांची पाचावर धारण बसली. “आलोच,” म्हणून जे गेले ते परसदारानं गेले. परदेशी बाई गल्लीत इकडेतिकडे पाहायला लागली, आणि तेवढ्यात काठावर गरजून घसा बसलेल्या सासूबाई समोरून आल्या. बाई इतकी उंच, की सासूबाईंनी मान वर करून पाहिलं आणि तिथल्या तिथे तिचं नाव शिडी ठेवलं.

“ही!” शिडी म्हणाली. “मला ही बोलायला हवी.”

साहेब सुनेच्या कानात पुटपुटले, “कोण आहेत या?”

“माझ्या सासूबाई, सर.”

“अरे वा. घरच्याच आहेत. मग काळजी नाही.”

त्या माणसाला सासू नव्हती हे उघडच होतं.

शिडीनं माइक पुढे केला. सरकार तुमची काळजी घेतं का?

“काळजी?” सासूबाईंनी पदर खोचला. “अगं, तोंडाला पानं पुसली आमच्या, पानं!”

सुनेनं साहेबांकडे पाहिलं. अर्थ सांगावा तर नोकरी गेली. गोड खोटं सांगावं तर रेकॉर्डिंग कुणीतरी ऐकणार आणि मग नोकरीही गेली, अब्रूही गेली. डावीकडे साहेबांचं टक्कल घामानं अजूनच चकाकत होतं. तिनं डोळे मिटले, नियमाला हात जोडले आणि परक्या भाषेत शांतपणे सांगितलं, “सरकार आमची तोंडं पानांनी पुसतं.”

“पानांनी? झाडाच्या?”

“त्या पानंच म्हणाल्या.”

“किती सुंदर! आणखी?”

“आणखी विचारतेय? तो कंत्राटदार आमच्या हातावर तुरी देऊन गेला. अधिकाऱ्याकडे जावं तर तो कानांवर हात ठेवतो. वर्षानुवर्षं नुसता कोपराला गूळ लावून ठेवलाय! आणि आम्ही? आम्ही आपले मूग गिळून गप्प!”

सुनेनं एकेक शब्द उचलला आणि जसाच्या तसा पलीकडे ठेवला, काचेची भांडी ठेवावीत तसा. तूर तळहातावर. हात कानांवर. गूळ कोपराला. मूग पोटात. शिडीचे डोळे मोठे होत गेले. साहेबांना परकी भाषा बेताचीच यायची, पण शिडी हसतेय एवढं त्यांना दिसत होतं, आणि त्यांना तेवढंच पाहायचं होतं.

पंचाईत एकच झाली. रागाच्या भरात सासूबाई ‘पूल’ हा शब्दच उच्चारायला विसरल्या.

कार्यक्रम जगभर दिसला. ‘या देशात जेवणानंतर सरकार नागरिकांची तोंडं ताज्या पानांनी पुसतं, कागदाची नासाडी शून्य,’ शिडी मखमली आवाजात सांगत होती. ‘धान्य थेट तळहातावर दिलं जातं, मधे दलाल नाही. ज्येष्ठांच्या कोपरांना गूळ चोळतात. अधिकारी नागरिक दिसताच दोन्ही हात कानांवर ठेवून वंदन करतो, जणू सांगतो, जगाचा गोंगाट बंद, आता फक्त तुझं ऐकतो. आणि सारी जनता मूग खाऊन शांत बसलेली असते.’

हिरव्या टाचण्यांचं सील फुटलं. साहेबांनी घाईत एक टाचणी स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेतली, तरी हसतच होते.

“मॅडम, आपण हे सगळं करतो? मला कुणी बोललंच नाही!”

“सर, आपण यातलं काहीच करत नाही. ते वाक्प्रचार आहेत.”

“अहो, मग प्रचारच तर हवाय आपल्याला!”

पुढच्या आठवड्यात एका बड्या देशाचे राजदूत मंत्र्यांना भेटायला आले आणि दारातच आदरानं दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहिले. मंत्री काही कमी नव्हते. त्यांनीही ठेवले. दोघं बराच वेळ एकमेकांचं स्वागत करत होते आणि दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. इतकी यशस्वी बैठक त्या दालनात आधी झाली नव्हती, असं शिपाई शपथेवर सांगतो.

मग पाहुणे यायला लागले, पाहुण्यांना योजना दाखवणं भाग पडलं, आणि दाखवायच्या तर त्या असायला हव्यात असंही कुणाच्या तरी लक्षात आलं. पान-पुसणी केंद्र उघडलं. गोदामापाशी गूळ-कोपर दवाखाना निघाला. म्हातारी माणसं बाह्या सरकवून बाकावर बसायची आणि नर्स कोपराला गूळ चोळायची. बाहेर रुग्णांची रांग, तिच्या शेजारी मुंग्यांची रांग. शिस्त मुंग्यांची जास्त. काही जणांनी तर कोपर दुखायचं थांबल्याचंही सांगितलं, आणि आधी दुखत होतं का, हे विचारायचा उद्धटपणा कुणी केला नाही.

घरी मात्र तोफ धुमसत होती.

“काय गं, माझ्या तोंडी काय घातलंस तू?”

“तुमचेच शब्द, आई. एकसुद्धा इकडचा तिकडे नाही केला.”

“तेच तर! शब्द घेऊन गेलीस आणि अर्थ घरी विसरलीस. डबा विसरावा तसा.”

सून गप्प बसली. मूग गिळून, असं म्हणायची आता सोय राहिली नव्हती.

सासूबाईच जरा वेळानं मऊ झाल्या. “तुझंही पोट आहे, कळतं मला. पुढच्या खेपेला ती शिडी आली की मी सरळ बोलते. टोमणा नाही, म्हण नाही. पूल पाहिजे, म्हणजे पूल पाहिजे.”

त्यांनी तालीम सुरू केली. आरशासमोर उभ्या राहायच्या. “नाल्यावर पूल नाही. सरकार नुसतं आमच्या डोळ्यांत… नको. सरकारनं आमच्या पाठीत… छे! अगं, हे सरळ बोलणं म्हणजे लोखंडाचे… बघ, पुन्हा आलं!” रात्रीच्या जेवणाला मुलगा म्हणाला, “आई, तू नुसतं नाव, पत्ता आणि पूल एवढंच बोल.” त्यावर त्याला जी उपमा मिळाली ती लिहिण्यासारखी नाही.

शिडी परत आली. या वेळी कार्यक्रम थेट जाणार होता. कॅमेरा लागेपर्यंत तिनं सुनेला बाजूला घेतलं.

“मला सगळं कळलंय,” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. पानं, गूळ, ते सगळं अलंकारिक होतं. तुमच्याकडे कुणी काही सरळ बोलतच नाही.”

साहेब ऐकत नाहीत ना, ते सुनेनं मागे वळून पाहिलं. “मग आता?”

“आता काही नाही. त्या कार्यक्रमाला बक्षीस मिळालंय, त्यामुळे ते खरंच राहील. पण या वेळी मी फसणार नाही.”

माइक पुढे आला. सासूबाईंनी दोन्ही मुठी आवळल्या, जणू बोलताना म्हणी निसटून जाऊ नयेत म्हणून.

“नाल्यावर पूल नाही,” त्या म्हणाल्या. “पलीकडे माझी धाकटी बहीण आहे. तिला ऐकू कमी येतं. मला तिच्याजवळ जायचंय. पूल बांधा.”

जन्मात पहिल्यांदा त्या इतकं कमी बोलल्या होत्या. सुनेनं शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांकडे पाहायचं मात्र तिनं टाळलं.

शिडीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती कॅमेऱ्याकडे वळली. “पूल! केवढी प्रतिमा! आपल्यापैकी प्रत्येकाची कुणीतरी बहीण नाल्यापलीकडे उभी आहे. आपण ओरडतो, आणि तिला ऐकू येत नाही.”

“अहो, नाही हो,” सून न राहवून तिच्या भाषेत म्हणाली. “खरा नाला. हा काय इथे! वास येतोय ना?”

“येतोय,” शिडी हळवेपणानं म्हणाली. “आठवणींचा.”

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणतेय?” सुनेनं सांगितलं. सासूबाईंनी आवळलेल्या मुठी सोडल्या आणि त्या आत निघून गेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. सुनेला त्याचीच भीती वाटली.

साहेब मात्र पेटले होते. ‘प्रतिमा’ हा शब्द त्यांना लगेच कळला होता, पाटीवर तो परक्या भाषेतही होता ना. जगाला पूल आवडलाय? देऊ पूल! कक्षाच्या आवारातल्या हिरवळीवर, फुलांच्या ताटव्यावरून, ‘हृदयांचा प्रतीकात्मक पूल’ उभा राहिला. लोखंडी, भक्कम, दोन्ही बाजूंना कठडे. नकाशा कुठला वापरायचा, हा प्रश्नच आला नाही. बांधकाम खात्यात पुलाचा नकाशा एकच पडून होता, आपल्या नाल्याचा. खाली पाणी नाही आणि दोन्ही टोकांना बहीण नाही, एवढं सोडलं तर पुलात काही कमी नव्हतं.

उद्घाटनाला सासूबाईंना नेलं. त्या एका टोकानं चढल्या, दुसऱ्या टोकानं उतरल्या, कठडा हलवून पाहिला.

“चांगला आहे,” म्हणाल्या. “फक्त घर चुकलंय त्याचं.”

शिडी या पुलाचं चित्रण करायला आली तेव्हा तिचंही तोंड उतरलं. तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हिरवळीवर आडवी पडून पाहिलं. मग उठून म्हणाली, याला खोली नाही.

“काय म्हणाल्या?” साहेबांनी घाबरून विचारलं.

“म्हणाल्या, खोली नाही.”

“खोली? हवी तेवढी खोली देतो! विश्रामगृह अख्खं रिकामं आहे. पंख्यासकट!”

“ती खोली नव्हे, सर. पुलाखाली खोल असायला पाहिजे, त्याशिवाय चित्र चांगलं येत नाही म्हणतात.”

साहेब फुलांच्या ताटव्याकडे पाहत राहिले. “मग खोल कुठे आहे?”

आतापर्यंत सुनेनं साहेबांना आपणहून काही सुचवलं नव्हतं. “नाल्याला आहे, सर,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्रेन आली. ट्रकवर चढून पूल गल्लीत आला, पाहुण्यासारखा, आणि नाल्यावर टेकला तो असा, की जणू जन्मापासून तिथेच होता. इतकी वर्षं फीत लावून मोजल्याचं सार्थक झालं. पलीकडून धाकटी निघाली, अलीकडून सासूबाई. दोन्ही काठांवर माणसं जमली होती, पण कुणी ओरडत नव्हतं. दोघी मध्यावर भेटल्या. सासूबाईंनी बहिणीचं डोकं जवळ ओढलं, कानाशी तोंड नेलं आणि सवयीनं गरजल्या, “काय शिजवलंस?”

“ओरडतेस कशाला?” धाकटी म्हणाली. “ऐकू येतंय मला.”

सुनेनं याचं भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

शिडीनं डोळे टिपले, कॅमेरा बंद करायची खूण केली आणि सुनेला म्हणाली, “माझं झालं. खूप आभार. साहेबांना सांगा, पूल परत न्यायचा असेल तर खुशाल न्या.”

क्रेनवाल्यानं इंजिन सुरूच ठेवलं होतं. हिरवळीवर संध्याकाळी दुसरे पाहुणे येणार होते. साहेब पुढे आले. “काय म्हणाल्या?”

सुनेनं पुलाकडे पाहिलं. मध्यावर दोन पांढऱ्या डोक्यांचं भांडण सुरू झालं होतं, बहुधा मिठावरून. शब्दाला शब्द सांगायचे तर फार सोपे शब्द होते. वाक्प्रचार एकही नव्हता.

“त्या म्हणाल्या,” सून म्हणाली, “पुन्हा येणार आहेत. हाच पूल कॅमेऱ्यात घ्यायला. इथेच.”

“कधी?”

“ते नाही सांगितलं, सर. म्हणाल्या, न कळवता येऊ.”

साहेबांचा चेहरा पडला. “न कळवता? म्हणजे कधीही?”

“कधीही.”

“शब्दाला शब्द सांगताय ना, मॅडम?”

“आजवर कधी चुकलंय का, सर?”

साहेबांनी शिडीकडे पाहिलं. शिडी उंचावरून गोड हसली आणि तिनं आदरानं दोन्ही कानांवर हात ठेवले. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि क्रेनवाल्याला हातानं परत जायची खूण केली.

त्या संध्याकाळी घर इतकं शांत होतं की सुनेला नळाचा थेंब ऐकू आला. नवरा ड्यूटीवरून आला, चपला काढताना थबकला.

“आई कुठाय?”

“पलीकडे.”

दोघं कान देऊन उभी राहिली. पलीकडच्या काठावरून, बंद दाराआडून, दोन आवाज येत होते, एकावर एक चढणारे.

“भांडतायत का?”

“हो.”

“मग बरं आहे,” तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

दिवेलागणीनंतर सासूबाई हातात झाकलेलं भांडं घेऊन पूल उतरून आल्या. भांडं ओट्यावर ठेवलं, पदरानं कपाळ टिपलं आणि सुनेकडे न पाहता म्हणाल्या, “ती शिडी पुन्हा येणार आहे म्हणे. न कळवता.”

“म्हणाली खरी.”

“हं. तिची भाषा मला येत नाही बाई,” सासूबाई म्हणाल्या. “तुझं तोंड मात्र वाचता येतं.” मग भांड्यावरचं झाकण काढून तिच्याकडे सरकवलं. “धाकटीनं तुझ्यासाठी पाठवलंय. तिखट आहे, पाणी घेऊन बस.”